‘हात काढ!’ म्हटलं म्हणून हात निघत नाही

पावसाळा लागला की मुळशीतल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताम्हिणीचे प्लॅन शिजायला लागतात. आणि कुणीतरी ऐनवेळी गळतं. सबमिशन आहे, सर्दी आहे, घरी पाहुणे आहेत. कधी कधी खरं कारण वेगळंच असतं. केस भिजून डोक्याला चिकटले की मधला उघडा पडलेला भाग दिसेल, ही भीती. तिथले केस स्वतःच्याच हाताने उपटलेत, हे सांगायचं तरी कसं?

हे ओळखीचं वाटत असेल, तर आधी त्याचं नाव ऐका. केस उपटत राहण्याच्या या आजाराला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ मध्येच हे नाव दिलं. पुटकुळ्या, खपल्या, नखांकडेची कातडी रक्त येईपर्यंत खरवडत राहणं हा त्याचाच जवळचा नातेवाईक. २०१३ मध्ये डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणात हे दोन्ही आजार ओसीडीशी संबंधित गटात ठेवले गेले. केस उपटण्याचा त्रास शंभरात साधारण एक-दोन जणांना असतो आणि बहुतेकदा शाळेच्या वयातच सुरू होतो. म्हणजे तुमच्या वर्गातही कुणीतरी असू शकतं.

नुकसान फक्त त्वचेचं होत नाही. वाचता वाचता हात डोक्याकडे जातो, तास निघून जातो आणि पान तेच राहतं. मे महिन्याच्या उकाड्यात फुल बाह्यांचे शर्ट. रूममेट उठायच्या आत उशीवरचे केस गोळा करायचे. सलून टाळायचं. आजी तेल लावून देते म्हणाली की पळ काढायचा. जखमा चिघळतात. काही जण उपटलेले केस गिळतात. त्यांचा पोटात गोळा होऊन ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

यावर घरचे म्हणतात, ‘हात काढ!’, ‘मनावर घे, सुटेल!’ हेतू चांगलाच असतो. पण कित्येकदा हात वर कधी गेला हेच कळलेलं नसतं. कधी ताण इतका साचतो की केस उपटल्यावरच जरा सुटल्यासारखं वाटतं. त्यात ओरडा बसला की लाज वाढते, लाजेने ताण वाढतो आणि हात पुन्हा तिथेच. म्हणून याला वाईट खोड किंवा हट्ट समजणं आधी थांबायला हवं.

उपाय आहे. १९७३ मध्ये अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी सवय बदलण्याची एक पद्धत मांडली, ती आजही वापरतात. हात कधी, कुठे, काय करताना जातो ते आधी टिपायचं. मग तो वर निघाला की मिनिटभर मूठ घट्ट आवळून धरायची. ऐकायला सोपं आहे, पण समुपदेशकाच्या मदतीने केलं तर टिकतं. मधे घसरायला होतं. तेही धरून चालायचं.

पिरंगुट-लवळ्याच्या हॉस्टेलमधून पुण्यातला डॉक्टर गाठायचा म्हणजे अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे कॉलेजांनी समुपदेशकाची वेळ नोटीस बोर्डावर लावावी आणि भेटीसाठी कुणाच्या सहीची अट घालू नये. शिवाय टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहेच. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

आणि मित्राचा हात वर गेलेला दिसला, तर चारचौघांत टोकू नका. नंतर एकट्याला गाठून विचारा, ‘मी काय केलं तर तुला बरं पडेल?’