मतभेद म्हणजे द्रोह नव्हे

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि मेक्सिकोतील कृषिशास्त्रज्ञ म्हणून. त्यांच्या चरित्रातील १९२१ सालच्या एका प्रकरणाकडे मात्र समाजवादी कार्यकर्त्यांनी आवर्जून पाहावयास हवे. त्या वर्षी ते मॉस्कोला गेले आणि हिंदुस्थानातील क्रांतीविषयीचे एक निवेदन कम्युनिस्ट इंटरनॅशनलपुढे ठेवण्यात आले. त्यावर तिघांच्या सह्या होत्या : वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, गुलाम अंबिया खान लोहानी आणि स्वतः खानखोजे. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या भूमिकेशी त्यांचा मतभेद होता आणि तो त्यांनी उघडपणे, लेखी मांडला.

खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. उरलेल्या दोघांनी पुढे रशियातच आसरा घेतला. सरोजिनी नायडूंचे बंधू असलेल्या चट्टोपाध्यायांना २ सप्टेंबर १९३७ रोजी गोळी घालण्यात आली. लोहानींना १७ सप्टेंबर १९३८ रोजी. १९२० साली ताश्कंदमध्ये हिंदी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना करणाऱ्यांपैकी अवनी मुखर्जी यांचीही १९३७ मध्येच तीच गत झाली. ब्रिटिश साम्राज्यशाहीच्या हातून जे वाचले, ते क्रांतीच्या राजधानीत मारले गेले. स्टालिनच्या मृत्यूनंतर त्यांना निर्दोष ठरविण्यात आले. पण निर्दोषत्वाचा दाखला मेलेल्या माणसाच्या काय कामाचा?

हे तिघे त्या वणव्यातील केवळ तीन ठिणग्या. खुद्द सत्ताधारी पक्षाची काय अवस्था झाली, हे ख्रुश्चॉव्ह यांनीच २५ फेब्रुवारी १९५६ रोजी सांगितले. १९३४ च्या सतराव्या अधिवेशनात निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सदस्य व उमेदवार-सदस्यांपैकी ९८ जणांना अटक करून गोळ्या घातल्या गेल्या; १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जण पकडले गेले. त्या अधिवेशनाला ‘विजेत्यांचे अधिवेशन’ म्हणत असत!

हे घडले कसे? १ डिसेंबर १९३४ रोजी किरॉव्ह यांचा खून झाला आणि त्याच दिवशी फर्मान निघाले : दहशतवादाच्या खटल्यांचा तपास दहा दिवसांत संपवावा, वकील नसावा, अपील नसावे, शिक्षा तत्काळ अमलात यावी. जुलै १९३७ च्या गुप्त आदेशाने तर प्रत्येक प्रांताला किती माणसे मारावयाची आणि किती छावणीत धाडावयाची याचे आकडेच ठरवून दिले. पंचवार्षिक योजनेत पोलादाचे इष्टांक असावेत तसे हे मृत्यूचे इष्टांक होते, आणि प्रांतोप्रांतीचे अधिकारी ते वाढवून मागत होते. नामवंतांच्या याद्या स्टालिनकडे मंजुरीसाठी जात; अशा ३८३ याद्या गेल्या. शिक्षा आधी ठरे, न्यायासन नंतर बसे. १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी दप्तरानुसारच ६,८१,६९२ जणांना देहदंड दिला गेला. हे यंत्र चालविणारे यागोदा आणि येझॉव्ह हेही अखेरीस त्याच यंत्राखाली चिरडले गेले.

राष्ट्र शत्रूंनी वेढलेले होते, म्हणून कठोर व्हावे लागले, असा युक्तिवाद आजही ऐकू येतो. हिटलरचा धोका खरा होता, यात शंका नाही. परंतु त्या धोक्याशी लढावयाचे ज्यांनी, त्या लाल सेनेच्या पाच मार्शलांपैकी तिघांचा बळी याच काळात घेतला गेला. राज्याच्या संरक्षणासाठी सेनापती मारावे लागतात, हे कोणते संरक्षण?

व्यक्तिपूजेवर सगळा दोष टाकून मोकळे होणे सोपे आहे. तथापि विकृतीचे मूळ त्याआधीचे आहे. मार्च १९२१ मध्ये, खानखोजे व त्यांचे सहकारी आपले निवेदन मांडण्यापूर्वी काही महिनेच, रशियन पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली होती. संकटकाळापुरता म्हणून केलेला तो नियम कायमचा झाला. आधी गट बांधणे गुन्हा ठरले, मग मतभेद, आणि अखेरीस नुसते मौनही. पक्षात ज्याला बोलता येत नाही त्याला पक्षाबाहेर न्याय मिळत नाही. कारण एकपक्षीय राज्यात पक्षाबाहेर स्वतंत्र न्यायालय नसते, वृत्तपत्र नसते आणि कामगारांची स्वतंत्र संघटनाही नसते.

मॉस्कोच्या खटल्यांनी आपल्याकडील समाजवाद्यांनाही हादरविले. जयप्रकाशांनी आपल्या वैचारिक स्थित्यंतराची मीमांसा करताना रशियातील या अनुभवाचा निर्वाळा दिला आहे. लोकशाही हा समाजवादाचा अलंकार नव्हे, अस्थी आहे, हा धडा रक्ताची किंमत मोजून मिळालेला आहे.

म्हणून शिस्तीचे प्रश्न क्षुल्लक मानू नयेत. पनवेलजवळच्या विचुंब्यात शाखेची बैठक असो वा राष्ट्रीय कार्यकारिणीची, कसोटी एकच : आरोप लेखी आहे काय? आरोपिताला उत्तराची संधी आहे काय? मतदान गुप्त आहे काय? अल्पमताची नोंद इतिवृत्तात होते काय? भिन्न मत मांडणाऱ्या सहकाऱ्याला ‘फितूर’ म्हणताना जीभ अडखळते काय? ज्या पक्षात हे प्रश्न विचारणे अवघड होते, त्याच्या हाती सत्ता न येणेच जनतेच्या हिताचे. गोळी शेवटी सुटते. तिची वाट बैठकीतल्या मौनाने आधीच मोकळी केलेली असते.