समुद्रसपाटी आणि आमची भिंत

दिवाळी जवळ आली, की आमच्या डोंबिवलीच्या घरात रंगाचा विषय निघतो आणि एका पेन्सिलीच्या रेघेपाशी येऊन अडतो. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले. ते ओसरल्यावर वडिलांनी भिंतीवर रेघ ओढून तारीख घातली. वडील आता नाहीत, रेघ आहे. "यंदा तरी ती पुसू या," असे सौभाग्यवतींचे म्हणणे.

यंदा त्या वादात आमचा भाचा पडला. तो शास्त्राचा विद्यार्थी. म्हणाला, "मामा, पाण्याची उंची आता आकाशातून मोजतात. रेघ कशाला हवी?"

मी पडलो मराठीचा मास्तर. 'समुद्रसपाटी' हा शब्द आजवर निमूटपणे वापरीत आलो. भाच्याने त्यातली सपाटीच काढून घेतली! श्रीलंकेच्या दक्षिणेस समुद्र, गणिताने धरलेल्या पृथ्वीच्या घाटापेक्षा, सुमारे १०० मीटर खाली बसला आहे. तिथे गुरुत्वाकर्षण किंचित उणे पडते म्हणून. उपग्रह खाली रडारची हाक देतो आणि पडसाद यायला किती वेळ लागला ते मोजतो. भारत-फ्रान्सचा 'सरल' २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. सुमारे ८०० किलोमीटरवरून दिलेल्या त्याच्या हाकेला सेकंदाच्या जेमतेम दोनशेव्या भागात उत्तर येई, आणि तेवढ्यावरून भर समुद्राची उंची काही सेंटिमीटरांच्या फरकाने कळे.

"आणि आपल्या खाडीची?" सौ.नी विचारले.

भाचा थबकला. हाक खाली पोचेपर्यंत काही किलोमीटर पसरते. किनाऱ्याजवळ पाण्याच्या पडसादात जमिनीचाही मिसळतो आणि हिशेब बिघडतो. १६ डिसेंबर २०२२ रोजी सुटलेला 'स्वॉट' १०० मीटर रुंदीची नदीही मोजू शकतो. दुर्गाडीखालची खाडी त्याच्या नजरेत बसावी. पण २१ दिवसांच्या फेरीत तो इथून जाणार एखाददोनदा. शिवाय आकाशातले माप ताडून पाहायला खाली खूण लागतेच. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे, तिचे मोल त्यासाठीच.

"आपल्याकडे तर पाणी एका रात्रीत आले होते," सौ. पुटपुटल्या.

इमारतीत नवे बिऱ्हाड आले, की विचारते, "इथे पाणी भरते का हो?" मी काही बोलत नाही, रेघ दाखवतो. पुष्कळजण त्याच दिवशी धान्याचे डबे वरच्या फळीवर चढवतात.

परवा रंगारी आला. मी कॉलेजात, ठाण्याला होतो. परतलो तो भिंत नवी कोरी. फक्त रेघेभोवती वीतभर जुना रंग तसाच होता. सौ.नी विषय काढला नाही. मीही नाही.