घड्याळाला वय ठाऊक नसते

माणसाला म्हातारे करतो तो काळ, अशी आपली समजूत. मला वाटते, निम्मे काम शेजारीपाजारीच उरकून टाकतात! नाकावर चाळिशी चढली, की “आता वय झालं हो!” हे ऐकावेच लागते. ते ऐकले की मला अमेरिकेतील क्रिस्टिन आर्मस्ट्राँग या बाईंची आठवण होते.

बाईंचा जन्म १९७३ चा. मूळच्या पोहणाऱ्या, पुढे ट्रायथलॉनच्या नादी लागल्या. पोहणे, सायकल आणि धावणे, तिन्ही एकापाठोपाठ! हवाई बेटावरची ‘आयर्नमॅन’ शर्यत म्हणजे तर पावणेचार किलोमीटरांहून अधिक पोहायचे, १८० किलोमीटर सायकल मारायची आणि वर ४२ किलोमीटर धावायचे. बाईंनी तेही करून पाहिले. पण २००१ साली डॉक्टरांनी निदान केले: दोन्ही खुब्यांचे सांधे झिजले आहेत, धावणे बंद!

डॉक्टरांशी त्यांनी वाद घातला नाही. धावणे सोडले, पण सोडायला सांगितले तेवढेच सोडले. धावताना पावलागणिक खुब्याला हादरा बसतो, सायकलवर तो बसत नाही. तेव्हा उरली सायकल, ती त्यांनी घट्ट धरली.

त्यातही त्यांचा हातखंडा टाइम ट्रायलचा. या शर्यतीत स्वार एकेक करून ठराविक अंतराने सुटतात. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवायची सोय नाही. झुंज फक्त घड्याळाशी.

या प्रकारात त्या २००६ आणि २००९ साली जगज्जेत्या ठरल्या. मध्यंतरी २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले. त्यासाठी तेथील रस्त्याची चढउतार आधीच यंत्राने टिपून आणून, घराजवळच्या तशाच रस्त्यावर सराव केला होता. मग निवृत्ती आणि २०१० साली मुलगा झाला. झाले, आता बाई संसारात रमणार, असे कोणीही म्हणाले असते. बाई पुन्हा सायकलवर! २०१२ च्या मे महिन्यात एका शर्यतीत पडून गळपट्टीचे हाड मोडले. तरी ऑगस्टमध्ये लंडनला सुवर्णपदक घेताना चिरंजीव कडेवर होते.

पुन्हा निवृत्ती झाली आणि पुन्हा मोडली. या खेपेला बॉइसी गावच्या इस्पितळातील नोकरी आणि मुलाची शाळा सांभाळून तयारी चालली होती. १० ऑगस्ट २०१६, रिओ शहर. पाऊस, वारा, समुद्रकाठचे चढउतार आणि सुमारे ३० किलोमीटरांची वाट. दुसऱ्या दिवशी बाईंना ४३ वर्षे पूर्ण होणार होती. नाकातून रक्त येत होते, तरी पायडल थांबले नाही. रेषा ओलांडली आणि बाई रस्त्यावरच आडव्या झाल्या.

घड्याळाने त्यांचे वय विचारले नाही, खुबे तपासले नाहीत, मूल किती वर्षांचे हेही पुसले नाही. त्याने फक्त नोंदवले: ४४ मिनिटे २६.४२ सेकंद. लागोपाठ तिसरे सुवर्ण! दुसरी आलेली रशियाची ओल्गा झाबेलिन्स्काया ५.५५ सेकंदांनी मागे पडली.

साडेपाच सेकंद म्हणजे किती हो? “आता वय झालं हो” हे वाक्य सावकाश दोनदा म्हणावे, एवढा वेळ. बाईंनी तो म्हणण्यात घालवला नाही, इतकेच.