बोटीचा तळ घासला, रंग कुठे गेला?

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवणात दांडी, वायरी, मेढा, देवबाग, तळाशील या भागांत लहान होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारल्या जातात, मोठ्या बोटी सर्जेकोटसारख्या आडोशाला जातात. बंदीचे शेवटचे दिवस आणि नारळी पौर्णिमा यांच्या मधला काळ डागडुजीचा. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, जुना रंग घासायचा, नवा रंग मारायचा आणि होडी पाण्यात लोटायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. काम तेच राहिले, पण होडीच्या तळावर जे लावले जाते आणि तिथून जे खाली पडते ते मात्र पार बदलले आहे.

पूर्वीची होडी लाकडाची. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वर चंद्रूस आणि तेलाचे मिश्रण भरायचे. लाकूड किडू नये म्हणून माशाचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोळायचे. त्यातला अंश पाण्यात जात होताच, पण तो कुजून संपणारा होता. काजूच्या टरफलाचे तेल कातडीवर फोड आणते, तेव्हा जुने ते सगळे निरुपद्रवी होते असे म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय या तेलांनी लाकूड टिकत असले तरी शिंपले बसायचे थांबत नसत. ते थांबवण्यासाठी विषच लागते, आणि आजच्या रंगाच्या डब्यात ते असते.

बोट पाण्यात उतरली की काही तासांतच तिच्या तळावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर शेवाळ येते. मग पाण्यात तरंगणारी बार्नॅकलची पिल्ले जागा पाहून डोके टेकतात आणि सिमेंटसारखा पदार्थ सोडून कायमची चिकटतात. कालवे आणि इतर शिंपले मागून येतात. या खडबडीत थरामुळे पाण्याचा विरोध वाढतो आणि डिझेल जास्त जळते. अमेरिकी नौदलाच्या जहाजांवरून २००७ मध्ये मांडलेल्या एका गणितानुसार, तळ शिंपल्यांनी पूर्ण भरला तर नेहमीचा वेग राखण्यासाठी ८६ टक्क्यांपर्यंत जादा शक्ती लागू शकते. मालवणची गिलनेटची होडी म्हणजे युद्धनौका नव्हे; तरी तळ भरलेली बोट जड चालते हे कोणत्याही तांडेलाला सांगावे लागत नाही. म्हणून ‘बोटी घासूच नका’ हा सल्ला निरर्थक आहे. न घासलेली बोट हवेत जास्त धूर सोडते आणि एका बंदरातले जीव दुसऱ्या बंदरात नेते.

चिकटणाऱ्या जीवांना रोखणाऱ्या रंगात आज मुख्य विष असते क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचे संयुग. अनेक रंगांत ते वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असते. ते हळूहळू पाण्यात झिरपते आणि बार्नॅकलचे पिल्लू चिकटण्याआधीच मरते. अडचण अशी की तांब्याला बार्नॅकलचे पिल्लू आणि कालवाचे पिल्लू यांतला फरक कळत नाही. समुद्राच्या पाण्यातील सजीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ठरवलेली विरघळलेल्या तांब्याची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे ३.१ मायक्रोग्रॅम आहे. एका बोटीच्या तळावरून किलोभर चुरा निघाला आणि त्यात १०० ग्रॅम तांबे उरले होते असे धरा. ते सगळे विरघळले तर सुमारे ३ कोटी २० लाख लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचेल. प्रत्यक्षात ते सगळे एकदम विरघळत नाही. बराचसा चुरा गाळात बसतो आणि चिखलात राहणाऱ्या जीवांच्या पोटात जात राहतो. उघड्या समुद्रात लाटा तो पसरवून टाकतात. कोळंबच्या किंवा कर्लीच्या खाडीत तशी सोय नाही.

या प्रश्नाचा इतिहास अधिक बोलका आहे. १९६०नंतर जगभर ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, असलेला रंग लोकप्रिय झाला, कारण तो अप्रतिम काम करत असे. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात मात्र १९७०च्या दशकाअखेरीस कालवांची पिल्ले टिकेनाशी झाली आणि वाढलेल्या कालवांची कवचे विचित्र जाड होऊ लागली. शेकडो शौकीन बोटींचे तळ आणि कालवांची शेती एकाच पाण्यात होती. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली आणि कालवे सावरली. पुढे कळले की लिटरमागे एक अब्जांश ग्रॅम टीबीटीनेही काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. भारतीय किनाऱ्यावरच्या शंखांतही हा दोष आढळल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा टीबीटीविरोधी करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रीन या शेवाळनाशकावरही बंदी आली.

भारताने २०१४ मध्ये मर्चंट शिपिंग कायद्यात दुरुस्ती करून हा करार अंगीकारण्याची वाट मोकळी केली. पण या व्यवस्थेतील तपासणी आणि प्रमाणपत्र ४०० टनांवरच्या जहाजांसाठी आहे. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणारी प्रवासी होडी, तारकर्लीची डायव्हिंगची बोट, सर्जेकोटचा ट्रॉलर या सगळ्या त्या चाळणीतून खाली पडतात. त्यांच्या तळाला कोणता रंग लावला आणि तो कुठे खरवडला, हे कुणी विचारत नाही.

आणि विचारायला हवे अशीच ही जागा आहे. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक त्याच्या पोटात येतात. तिथल्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याच्या आणि रोगट होण्याच्या घटना तिथे नोंदल्या गेल्या आहेत. तापणारे पाणी मालवणकरांच्या हाती नाही. तांबे, साबण आणि डिझेल मात्र आहे. खाड्यांतली कालवे बायका ओहोटीला फोडून आणतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने झालेल्या सिंधुदुर्ग प्रकल्पात कालवे आणि शिणाणे यांच्या शेतीचेही प्रयोग झाले. कालव पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यातले तांबे तिच्या मांसात साठत जाते. आर्काशाँची गोष्ट इथे परकी राहत नाही ती यामुळेच.

फायबरच्या बोटींनी यात नवी भर घातली. लाकडी होडी घासली तर भुसा पडतो. फायबरची घासली तर काचेचे तंतू आणि प्लास्टिकची भुकटी पडते. इंग्लंडमधील चिचेस्टर बंदराजवळच्या कालवांत संशोधकांना २०२४ मध्ये किलोमागे ११ हजारांहून अधिक काचतंतूंचे कण सापडले आणि बोटदुरुस्तीच्या हंगामात त्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. हीच भुकटी ग्राइंडर चालवणाऱ्याच्या छातीतही जाते. तोंडाला बांधलेला गमछा ती अडवत नाही. त्यासाठी बारीक धूळ गाळणारा मास्क लागतो. जुन्या लाकडी बोटींवर शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल रंग, लागलेला असू शकतो. बाजारात रेड ऑक्साइड म्हणून मिळणारा रंग लोहाचा असतो. दोन्ही लालच दिसतात. रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर रोखणारा २०१६चा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, बोटींच्या रंगांना तो लागू नाही. ज्या वाळूवर बोट घासली जाते तिथेच संध्याकाळी मुले खेळतात, म्हणून हा फक्त माशांचा प्रश्न राहत नाही.

मग घासायचे कसे? सगळ्यात मोठा फरक जागेने पडतो. भरतीला बोट आत आणायची, ओहोटीला पाणी उतरले की तळ घासायचा आणि पुढच्या भरतीने चुरा वाहून न्यायचा, ही सोपी रीत सगळ्यात वाईट आहे. तोच तळ उधाणाच्या रेषेच्या वर, खाली जाड ताडपत्री पसरून घासला तर चुरा गोळा करता येतो. कोरडे घासण्याऐवजी ओले घासले तर धूळ उडत नाही, मात्र ते पाणीही ताडपत्रीतच राहिले पाहिजे. सगळा रंग उतरवण्याची गरज क्वचितच असते. सुटलेले पोपडे काढून घट्ट रंग तसाच ठेवला तर विष कमी पडते आणि रंगाचे पैसेही वाचतात. मालवणच्या लहान होड्या तशाही पावसाळ्यात वाळूवरच असतात. गोव्याच्या किंवा मुंबईच्या बंदरांना जे महागात पडते ते इथे ताडपत्रीच्या किमतीत होऊ शकते, ही या किनाऱ्याची जमेची बाजू आहे. गोळा केलेला चुरा टाकायचा कुठे, याचे उत्तर मात्र एकट्या मच्छीमाराकडे नाही. तो घातक कचरा आहे. वाळूत खड्डा करून पुरला तर पुढच्या उधाणाला तो परत समुद्रातच जाणार.

हंगामात पाण्यातच तळ पुसायचा झाला तर तो बुळबुळीत असतानाच, मऊ फडक्याने पुसावा. शिंपले बसेपर्यंत थांबले की खरवडणी लागते आणि रंगासकट सगळे निघते. पुसताना पाण्यात रंगाचा ढग दिसला तर हात थांबवावा, कारण तो रंग झिजून विष सोडण्यासाठीच बनवलेला आहे. पाण्यात खरवडण्याचा आणखी एक धोका म्हणजे चिकटलेले जीव मरत नाहीत, तिथेच पडून वाढतात. मध्य अमेरिकेतला काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबई बंदरांत केव्हाच स्थिरावला आहे. तोच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनला पोहोचला, तेव्हा तिथल्या सरकारने तीन बंदिस्त गोद्यांत क्लोरीन आणि मोरचूद ओतून पाण्यातले बाकीचे जीवनही मारून टाकले. मालवणच्या उघड्या समुद्रात तसे काही करण्याचा प्रश्नच येत नाही.

डेक धुण्याचे काम रोजचे, म्हणून त्याकडे लक्ष कमी जाते. डब्यावर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिले की लोक निश्चिंत होतात. पण त्या शब्दाचा अर्थ बहुधा इतकाच की प्रयोगशाळेत २८ दिवसांत त्यातला मोठा भाग विघटित होतो. साबण माशाच्या कल्ल्यांवरचा चिकट थर धुऊन काढतो तो पहिल्याच तासात. नैसर्गिक म्हणून रिठा वापरणेही उपायाचे नाही. रिठ्यातले सॅपोनिन माशांना विषारी असते, आणि ओढ्यात फळे-साली ठेचून मासे गुंगवण्याची जुनी पद्धत कोकणाला ठाऊक आहे. फेरी संपताच, मीठ आणि रक्त वाळण्याआधी, ब्रश आणि नुसते पाणी वापरले तर साबणाची गरजच फार उरत नाही. सगळ्यात घातक सवय म्हणजे तळात साचलेल्या तेलकट पाण्यात भांड्यांचा साबण ओतून ते बाहेर उपसणे. वर तवंग दिसत नाही, पण तेल नाहीसे झालेले नसते, बारीक थेंबांनी पाण्यात मिसळलेले असते आणि माशांच्या अंड्यांपर्यंत अधिक सहज पोहोचते. त्याऐवजी तेल शोषणारे कापड तळात ठेवावे आणि भिजले की किनाऱ्यावर आणावे.

एवढे करूनही तांबे संपणार नाही. कॅलिफोर्नियातील सान डिएगोच्या शेल्टर आयलंड गोदीचा हिशेब २००५ मध्ये मांडला गेला, तेव्हा पाण्यातले सुमारे ९८ टक्के तांबे बोटींच्या रंगातून येत असल्याचे दिसले. त्यात पाण्यातल्या घासण्याचा वाटा अवघा ५ टक्क्यांच्या आसपास होता. बाकीचे तांबे बोट नुसती उभी असतानाच झिरपत होते. तिथे बोटी पाणबुडे पुसतात, खरवडत नाहीत, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. तरी रंग कोणता निवडला याचे वजन त्यातून कळते. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये लहान बोटींवरचा तांब्याचा रंग बंद करण्याचा कायदा केला आणि पर्यायी रसायने अधिक घातक ठरतील या भीतीने अंमलबजावणी पुढे ढकलली. सिलिकॉनचे गुळगुळीत लेप विषाशिवाय काम करतात, पण ते महाग आहेत आणि वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीवर टिकणार नाहीत. जी होडी दर काही दिवसांनी वाळूवर येते आणि वाळते तिला मात्र इतक्या विषाची मुळात गरजच कमी असते. बाल्टिक समुद्रात स्वीडनने काही ठिकाणी पाण्यात फिरत्या ब्रशांची धुलाई केंद्रे उभारली, तीही रंग न लावलेल्या बोटींसाठी.

सिंधुदुर्गात सध्या चर्चा आहे ती ‘आयएनएस गुलदार’ची. २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही नौका २०२५ मध्ये पर्यटन महामंडळाकडे आली. निवतीच्या खडकांजवळ ती बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. अशी नौका बुडवण्याआधी तिच्यातील इंधन, वंगण, तारा आणि सुटणारा रंग काढणे आवश्यक असते आणि त्यावर सगळ्यांचे लक्ष असते, ते योग्यच आहे. पण ती एकदाच बुडणार. होड्या दरवर्षी घासल्या जाणार.

जेटी मेरीटाइम बोर्डाची, मासेमारी परवाना मत्स्य विभागाचा, अभयारण्य वन विभागाचे आणि पाण्याची गुणवत्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाची. चुऱ्याने भरलेली ताडपत्री घेऊन मच्छीमाराने यांपैकी कुणाच्या दारात जायचे हे ठरलेले नाही. देवगडला आनंदवाडीचे मासेमारी बंदर उभे राहत आहे आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून बंदरांच्या सुविधांना पैसा मिळतो. उतार दिलेला सिमेंटचा ओटा, त्याच्या कडेला गटार, गटाराच्या टोकाला गाळ बसवणारी टाकी, शेजारी जुन्या तेलाचे पिंप आणि चुऱ्यासाठी झाकणाचा डबा, एवढ्याने बोटधुलाईची जागा तयार होते. ती आराखड्यात आधीच धरली तर खर्च किरकोळ असतो; धक्का बांधून झाल्यावर ओट्याचा उतार समुद्राकडचा मागे वळवायचा म्हणजे काँक्रीट फोडावे लागते.