लांब बाकावरची कामे

‘बघू या पुढच्या महिन्यात!’ हे वाक्य ज्या घरात कधीच ऐकू येत नाही, असे घर शोधून सापडणार नाही. कधी पैशांची ओढाताण असते, कधी मुलांच्या परीक्षा, तर कधी नुसताच कंटाळा. काम राहून जाते आणि आपण म्हणतो, ‘लांबणीवर पडले.’

जर्मन माणूस अशा वेळी म्हणतो, ‘आउफ डी लांगे बांक शीबेन.’ म्हणजे लांब बाकावर सरकवणे. पुण्या-मुंबईत हौसेने जर्मन शिकणारी मंडळी इथे थोडी गोंधळू शकतात, कारण जर्मनमध्ये ‘बांक’ म्हणजे बसायचा बाक आणि पैशांची बँकसुद्धा! काम बँकेत ठेवले म्हणजे व्याजासकट परत मिळेल, असे नवशिक्याला वाटले तर नवल नाही. प्रत्यक्षात बाकावर गेलेल्या कामाला व्याज लागते ते उलटे.

हा बाक आला कोर्टकचेरीतून. जुन्या काळी तिथली कागदपत्रे पेटीसारख्या लांबलचक बाकांत ठेवत. वर बसायची सोय, आत दप्तर. एखादे प्रकरण त्या पेटीत गेले की ते पुन्हा कधी बाहेर येईल, हे सांगणे कठीण. रेगेन्सबुर्ग शहराच्या जुन्या टाउन हॉलमध्ये पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगतात. तिथे जर्मन साम्राज्याची सभा १६६३ मध्ये भरली, ती १८०६ मध्ये साम्राज्य संपेपर्यंत चालूच राहिली. तिला नावच पडले ‘कायमची सभा’! वेट्झलार गावातल्या साम्राज्याच्या न्यायालयाचीही तीच तऱ्हा. १७७२ मध्ये तरुण गटे, पुढचा महाकवी, वकिलीच्या उमेदवारीसाठी तिथे गेला होता. तिथले काही दावे आजोबांनी लावावेत आणि नातवाने चालवावेत, इतके रेंगाळत.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. आपणही प्रकरण ‘बासनात गुंडाळतो’. बासन म्हणजे कागद बांधून ठेवायचे फडके. पेशवे दप्तरातले कागदही असेच रुमालांत बांधलेले. हिंदीत काम ‘ठंडे बस्ते में’ जाते, तो बस्ताही दप्तराचाच. भाषा तीन, पण खोड एकच!

गंमत अशी, की बाकावर सरकवलेल्या कामाला कोणी ‘नाही’ म्हटलेले नसते. स्पष्ट नकार मिळाला तर माणूस दुसरी वाट शोधतो. ‘बघू’ म्हटले की तो आशेवर राहतो. कागद पेटीत शंभर वर्षे पडून राहू शकतात, माणसांचे तसे नाही. आईच्या डोळ्यांची तपासणी, सासऱ्यांना एकदा काशीला न्यायचे कबूल केलेले, धाकट्या बहिणीचे राहिलेले शिक्षण, ही कामे बाकावर थांबत नाहीत. त्यांची वेळ निघून जाते, आणि मग राहते ती रुखरुख.

जर्मनांची आणखी एक म्हण आहे, ‘आउफगेशोबेन इस्ट निश्ट आउफगेहोबेन.’ पुढे ढकलले म्हणजे रद्द केले असे नव्हे. किती दिलासा देणारी म्हण! पण ती खरी ठरते, ती पुढची तारीख ठरवली तरच. तारीख नसेल, तर पुढे ढकलणे आणि रद्द करणे यांत फरक तो काय उरला?

तेव्हा वाचकहो, सवड नसेल तर काम जरूर पुढे ढकला. संसारात ते चालायचेच. फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच वेळी दुसऱ्या तारखेला खूण करा आणि घरातल्यांना ती दाखवा. आणि जमणारच नसेल, तर तसे प्रेमाने सांगून टाका. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, पण तो तुमच्या ‘बघू’वर वर्षानुवर्षे ताटकळत तरी बसणार नाही.