जलदूतची दहा वर्षे

12 एप्रिल 2016च्या पहाटे पाण्याची रेल्वेगाडी ‘जलदूत’ पहिल्यांदा लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. एरवी तेल वाहणाऱ्या वाघिणी राजस्थानात कोट्याला धुऊन काढल्या आणि मिरजेला कृष्णेच्या पाण्याने भरल्या. त्याआधीच शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम 144 लावावे लागले होते. या सगळ्याला आता दहा वर्षे होत आहेत. पावसावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे, पण पाऊस हे त्या टंचाईचे अर्धेच कारण.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्हा ओलांडून कर्नाटक-तेलंगणात शिरते आणि मोठा वळसा घेऊन, नांदेडच्या बिलोली तालुक्याच्या कडेने जात, कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. नांदेड गोदावरीच्या काठावरच वसले. लातूर शहर मात्र मांजरेपासून लांब, पठारावर. ते वाढवले रुळांनी आणि मोंढ्याने. 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आली; 1917 साली निजामी राजवटीत गंज गोलाई आखली गेली आणि सोळा रस्ते एका गोल बाजारात येऊन मिळाले. बाजारात येणारा माल मुख्यतः कोरडवाहू रानातला: तूर, करडई, पुढे सोयाबीन. डाळमिल आणि तेलगिरण्या त्यावरच उभ्या राहिल्या. या धंद्याला पाणी फार लागत नाही.

पाणी लागते ते नदीकाठच्या दुसऱ्या उद्योगाला. धनेगावला मांजरेवर धरण झाले, मांजरा पट्ट्यात ऊस आला, पाठोपाठ कारखाने आले. साखरेने या भागाला पैसा दिला, राजकीय वजनही दिले. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण शहराची तहानही त्याच धरणावर, आणि शहर जलवाहिनीच्या पार टोकाला. त्यात ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहणारी हजारो मुले. (त्यांच्या बादल्या कोणत्या नियोजनात मोजल्या जातात?)

2016च्याच पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले, आणि ऊस पुन्हा उभा राहिला.

म्हणून 15 ऑक्टोबरचा धरणातला साठा पाहून कालवा सल्लागार समितीने आधी लातूरचे पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे पिण्याचे पाणी बाजूला काढावे आणि उरलेल्या पाण्यात किती ऊस बसतो, ते उसाच्या ‘सुरू’ हंगामातील लागवडीआधी जाहीर सांगावे. कारखान्यांच्या संचालकांना हे अप्रिय वाटेल, तरी सांगावे.