जोर आवरणाऱ्यांचा खेळ

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर आणि आसपासच्या घाटांवर, भाविकांची वर्दळ ओसरलेली असते अशा वेळी, तेथील मुलांचा क्रिकेटचा डाव रंगतो. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला गंगा. चेंडू थेट पाण्यात गेला की फलंदाज बाद, हा घाटावरचा रूढ नियम. मैदानावर ज्या फटक्याला टाळ्या मिळतात, तोच येथे डाव संपवितो. साहजिकच ही मुले चेंडू जमिनीलगत ठेवण्यास आणि मोकळी जागा हेरण्यास कोणी न शिकविता शिकतात. १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेला हा घाट अशीही शाळा चालवितो, ही मौजच होय.

हाच धडा आज पिकलबॉलच्या हौशी खेळाडूंना हवा आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर जन्मलेला हा खेळ मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी भारतात आणला आणि २००८ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. कोर्टाचे माप बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाइतकेच, ४४ फूट बाय २० फूट. त्यामुळे गृहसंकुलांत तो सहज रुजला. मात्र टेनिस वा बॅडमिंटन सोडून आलेला चाळिशीचा गृहस्थ जुना जोर सोबत घेऊन येतो आणि साठी ओलांडलेल्या जोडीकडून पराभूत होतो. मग तो एक तर खेळ सोडतो, किंवा ज्येष्ठांच्या अंगावर चेंडू मारू लागतो. दुसरा प्रकार अधिक खेदजनक. आजोबा आणि नातू एकाच कोर्टावर खेळू शकतात, हे या खेळाचे खरे भांडवल; तेच त्यामुळे नष्ट होते.

वस्तुतः खेळाचे नियमच जोराला लगाम घालणारे आहेत. जाळीच्या दोन्ही बाजूंस ७ फुटांचा पट्टा असतो, त्यास 'किचन' म्हणतात. तेथे उभे राहून टप्पा पडण्यापूर्वी चेंडू मारता येत नाही. मारल्यावर तोल जाऊन पाय आत पडला तरी तो दोषच. शिवाय सर्व्हिस आणि तिचे उत्तर, या दोन्ही चेंडूंना टप्पा पडू द्यावा लागतो. सर्व्हिस करून लगेच पुढे धावणे ही नवोदितांची हमखास चूक, कारण खोलवर आलेले उत्तर थेट पायांशी पडते. याउलट उत्तर देणाऱ्याने चेंडू शेवटच्या रेषेजवळ टाकून तत्काळ किचनच्या रेषेपाशी पोहोचावे.

खरी कसोटी तिसऱ्या फटक्याची. जाळीपाशी उभ्या प्रतिस्पर्ध्यांवर सपाट तडाखा देण्याचा मोह अनावर होतो. त्याऐवजी चेंडू हलकेच किचनमध्ये उतरविला, तर त्यांना तो खालून वर उचलावा लागतो आणि तेवढ्या अवधीत आपल्या जोडीला पुढे येता येते. हा फटका साधण्यास काही महिने लागतात. आरंभी चेंडू जाळीतच अडकतो. तरीही तोच शिकावा. जाळी कडेला ३६ इंच, तर मध्यभागी ३४ इंच उंच असते. म्हणून हलके फटके तिरके खेळणे अधिक सुरक्षित. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर, हौशी सामन्यांत प्रतिस्पर्ध्याच्या कर्तबगारीपेक्षा आपलीच बुडीत खाती पराभव घडवितात.

दोघांच्या मधोमध येणारा चेंडू कोणी घ्यावा, हे जोडीदारांनी आधीच ठरवावे. सामान्यतः ज्याचा फोरहँड मध्याकडे असतो त्याने. डोक्यावरून उंच गेलेल्या चेंडूसाठी मात्र पाठमोरे मागे धावू नये. प्रौढ खेळाडू पडतात आणि मनगट दुखावून घेतात ते बहुधा असेच. आधी वळावे, मग धावावे; गाठता येत नसेल तर तो गुण खुशाल सोडून द्यावा.

सरावासाठी चार जणांची वाट पाहण्याचेही कारण नाही. दोघांनी समोरासमोर किचनच्या रेषेवर उभे राहावे, पॅडलची पकड सैल ठेवावी आणि सामना सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे केवळ हलके फटके मोजावेत. पहिल्या आठवड्यात पाचापुढे गणती गेली, तरी पुष्कळ झाले.